कानाला हवा लागावी म्हणून घेतलेला हेडफोन

डीजेच्या कामासाठी मी पहिला हेडफोन घेतला तो जाळीचा घेतला, उन्हाळ्यात कानाला हवा लागावी म्हणून.

यात हसण्यासारखं काय आहे हे ज्यांना कळलं नसेल त्यांनी लाजू नये. मलाही तेव्हा कळलं नव्हतं, आणि मी तर कार्डावर स्वतःच्या नावाआधी ‘डीजे’ छापून बसलो होतो. हेडफोन ढोबळमानानं दोन जातींचे. एकाच्या कपांची पाठ बंद असते; तो कानावर बसला की बाहेरचं जग बाहेर राहतं. दुसऱ्याच्या पाठीला बारीक जाळी असते. त्यातून गाणं मोकळं येतं, समोर बसून कुणी गातंय असं वाटतं, पण त्याच जाळीतून बाहेरचा गलकाही आत येतो. आता डीजेचं काम असं की मोठ्या पेट्यांवर एक गाणं चालू असताना पुढचं गाणं फक्त त्याच्या कानात वाजतं. ते नेमकं कुठून सोडायचं हे तो कानात ठरवतो आणि मग लोकांवर सोडतो. म्हणजे चार फुटांवर स्पीकरची भिंत गरजत असताना कानातलं ऐकू आलं पाहिजे. त्यासाठी जाळीचा हेडफोन घेणं म्हणजे वादळात खिडकी उघडी ठेवून दिवा लावणं.

आणि मला सांगितलं नव्हतं असंही नाही. दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. आरमोरीहून एसटीनं मी चंद्रपूरला गेलो होतो. तिथले एक चाचा रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करता करता दुकानदार झालेले. मी त्यांना कूलर बंद करायला लावला, स्टुलावर बसलो, डोळे मिटले आणि बासरी ऐकली. जाळीच्या हेडफोनमधून ती अशी काही आली की वाटलं, बस, हाच.

“बाबू, तुले घरी ऐकाचं हाय का बाहेर वाजवाचं हाय?” चाचांनी विचारलं.

“दोन्ही.”

“दोन्हीले एक नाही चालत. झोपतो त्याच लुंगीवर तू वरातीत जातो का?”

“चाचा, आपला मे महिना पाह्यला का तुमी? बंद कपात कान शिजतीन माह्ये. कूलरले जाळी असते, तं कानाले काऊन नाई?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, हेडफोनकडे पाहिलं, आणि तो खोक्यात घालून दोरी बांधली. “ले जा बेटा. खुदा तुझे कान थंडे ठेवो.”

कान थंडच राहिले. माघातलं लग्न, मार्कंड्याच्या बाजूचं नदीकाठचं गाव. मुलाकडची मंडळी तलावात आणि वैनगंगेत मासोळी धरणारी. नवरदेवाचा मामा जाळं फेकावं तसा कमरेतून वळून नाचत होता. घोडा मांडवाच्या दारात आला. आता खास गाणं सोडायचं होतं. मी दोन्ही हातांनी कप कानावर दाबले, तरी मला ऐकू येत होतं ते तेच, जे साऱ्या गावाला ऐकू येत होतं. पुढच्या प्लेअरमध्ये कोणती सीडी आहे हेसुद्धा कळेना. मग अंदाज केला आणि सोडलं.

घरून घाईत निघताना मी बाबांची सीडी डब्यात घातली होती. चारही पेट्यांतून खंजिरी घुमली आणि माणूस शेवटी रिकाम्या हातानंच जातो अशा अर्थाचं भजन सुरू झालं. घोडा थांबला. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. मामा तेवढा थांबला नाही. त्यानं खंजिरीवर ताल बदलून घेतला. नवरदेवाचे वडील टेबलापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, “बाबू, पोरगा लग्नाले आनला म्या, घाटावर नाई.” मी सीडी बदलायला झेपावलो, हेडफोनची वायर पायात अडकली आणि प्लेअर टेबलावरून खाली आला. बाकीची वरात शिट्ट्यांवर आत गेली.

ही बातमी माझ्या आधी आरमोरीत पोचली. माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि वैशाखात तिचं लग्न ठरलेलं होतं. मी दारात पाय ठेवला तर ती उंबऱ्यातच उभी.

“दादा, माह्या लग्नात तू जेव. पाहुण्याइले पाणी दे. पाह्यजे तं नाच. पन वाजवाचं नाई. मी बाबाले ब्रह्मपुरीचा डीजेवाला पाह्याले सांगतलं.”

खरं सांगायचं तर तो सगळा सरंजाम मी जमवला होता तो घरातल्या या पहिल्या लग्नावर डोळा ठेवून. आणि आता आमच्याच मांडवात, दुसऱ्या कुणाच्या नावाच्या लायटिंगखाली, मी पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरतोय, हे चित्र मला दोन दिवस जेवू देईना. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

“तू म्हनशीन ती परीक्षा देतो.”

तिनं खडू खाली ठेवला. परीक्षा म्हटलं की तिचे डोळे चमकायचे. “राइस मिलमध्ये. मिल चालू असताना. मी गाणं लावन. कानात पहिली थाप पडली का तू हात वर कराचा. दहातले दहा.”

“नऊ चालन?”

“नऊ म्हनजे पुन्हा एक घोडा उभा.”

मग मी हट्टालाच पेटलो. सोमवारच्या पहिल्या एसटीनं चंद्रपूर गाठलं. चाचा हसतील अशी तयारी ठेवली होती. ते हसले नाहीत. “भलतं कोनतं वाजलं?” एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते उठून मागच्या खोलीत गेले, बराच वेळ आले नाहीत, आणि आले ते डोळे पुसत. मग निमूटपणे त्यांनी बंद पाठीचे चार हेडफोन काउंटरवर मांडले.

“इथं नाई ऐकत,” मी म्हणालो. “लोडशेडिंग किती वाजता हाय?”

“ग्यारा. काऊन?”

अकराला लाइन गेली आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानापुढचा जनरेटर फुटपाथवर धडधडू लागला. चाचांच्या शेजारच्या दुकानाचा सर्वांत खवीस होता. मी त्याच्याशेजारी उकिडवा बसलो, हातात बॅटरीवरचा सीडी प्लेअर, आणि एकेक हेडफोन चढवू लागलो. पहिला दुकानात सर्वांत भारी वाटला होता, छातीत धमधम करणारा. जनरेटरपाशी त्याची धमधम आणि जनरेटरची धमधम एकमेकांत अशी मिसळली की कोणती कुणाची कळेना. दुसरा आवाजाला चांगला, पण मान खाली घातली की घसरून गळ्यात यायचा. तिसरा घट्ट इतका, की दहा मिनिटांत कानशिलं शिकंज्यात धरल्यासारखी झाली. चौथा दिसायला अगदी साधा. त्यात धमधम कमी, पण ढोलकीवर बोट पडतं ते टोक साऱ्या गोंगाटातून वेगळं टोचायचं. एक कप मागे वळवता यायचा, म्हणजे एक कान आत आणि एक मांडवात ठेवायची सोय. आणि वायर फोनच्या वायरीसारखी गुंडाळीची, ओढली तर ताणणारी. वायरीचं महत्त्व मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

एव्हाना सात-आठ माणसं भोवती जमली होती. “काय झालं याले?” कुणी तरी विचारलं.

“काही नाई,” चाचा म्हणाले. “डॉक्टर हाय. जनरेटरची तबियत पाहून राह्यला.”

पण त्या दिवशी मी तो घेतला नाही. एकदा डोळे मिटून घेतलेल्याचं फळ ताजं होतं. मी तीन सोमवार गेलो. कधी ढोल, कधी नुसतं गाणं, कधी एक कान उघडा, कधी दोन्ही बंद, असं तासन्‌तास त्या जनरेटरपाशी बसून चौथा तपासला. दुसऱ्या सोमवारी जनरेटरवाल्या दुकानदारानं माझ्यासाठी स्टूल काढून ठेवलं. तिसऱ्या सोमवारी चहा दिला आणि गंभीरपणे विचारलं, “वाचन ना हा?” मी म्हणालो, वाचेल. मग हेडफोन घेतला.

आता उरला कानांचा प्रश्न, कारण मे महिन्याबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. चैत्र लागल्यापासून रोज भर दुपारी कूलर बंद करून दोन तास मी तो बंद हेडफोन घालून घरात वावरायला लागलो. पहिल्या आठवड्यात कान खरंच उकडलेल्या अंड्यासारखे निघाले. कपाच्या रेक्झिनला घाम लागून ते चिकट झालं. मग जुन्या बनियनचे गोल तुकडे कापून, त्यांना इलास्टिक घालून मी कपांना टोप्या शिवल्या. आई शेजारणीला सांगायची, “डीजे काही होत नाई हा, पन टोपडे चांगले शिवते.”

जाळीचा हेडफोन मात्र बाबांनी उचलला. बाबा जंगल खात्यात फॉरेस्ट गार्ड होते. नोकरीतली बरीच वर्षं एटापल्लीकडच्या जंगलात काढून रिटायर झालेले. सकाळी खुर्चीत बसून तो लावून भजन ऐकायचे. मी विचारलं, कसा वाटतो? म्हणाले, “लय चांगला. भजनही ऐकू येते अन फाटक वाजलेलंही ऐकू येते. अन कान तपत नाई.” म्हणजे माझं म्हणणं शब्द न्‌ शब्द बरोबर होतं. मी फक्त चुकीच्या माणसासाठी खरेदी केली होती.

परीक्षेच्या दिवशी प्लेअर आणि मिक्सर, म्हणजे गाणी आणि माइक ज्यातून पेट्यांकडे जातात ते खटक्यांचं यंत्र, सायकलवर बांधून आम्ही राइस मिलमध्ये गेलो. मिस्त्रीनं पट्टा चढवला. जमीन हादरायला लागली, हवेत कोंडा उडायला लागला. मी धानाच्या पोत्यावर बसलो, बहीण प्लेअरपाशी वही घेऊन. प्रत्येक गाण्यात पहिली थाप कितव्या सेकंदाला पडते हे तिनं घरीच लिहून आणलं होतं. माझा हात वर गेला की ती प्लेअरवरचा आकडा बघायची आणि वहीत खूण करायची. सात गाणी बरोबर गेली. आठवं लावलं आणि कानात नुसता आलाप. थापच येईना. हा तिचा खोडसाळपणा होता हे मला कळलं, पण आलाप संपेना. घाम डोळ्यांत उतरला, कोंडा नाकात गेला. मिस्त्रीला वाटलं मला चक्कर आली; तो येऊन खांदा हलवू लागला. मी हललो नाही. त्या मिलच्या घणघणाटात कुठे तरी एक बोट ढोलकीवर पडणार होतं आणि मला तेवढंच हवं होतं. पडलं. माझा हात वर गेला तो मिस्त्रीच्या हनुवटीला लागला.

दहावं झाल्यावर तिनं वही मिटली. अंगणात आल्यावर माझ्या केसांतला कोंडा झटकला आणि आत आवाज दिला, “बाबा, ब्रह्मपुरीवाल्याले नाई म्हना.”

लग्न वैशाखात, मुहूर्त दुपारी बाराच्या आसपासचा. मांडवाखालीही तापल्या पत्र्यासारखी धग. मी बनियनच्या टोप्या घातलेला हेडफोन चढवून उभा होतो आणि आयुष्यात प्रथमच सगळं मला हवं तसं होत होतं. वरात आली तेव्हा नवरदेवाचा पाय मांडवात पडला आणि त्याच क्षणी थाप पडली. बहीण बोहल्याकडे निघाली तेव्हा तिच्या पावलाला सूर भेटला. ब्रह्मपुरीची चार माणसं पाहुण्यांत होती, तीही माना डोलावत होती. मला आता माझंच कौतुक आवरेना. पुढचं गाणं आणखी नेमकं सोडायचं म्हणून मी दुसराही कप कानावर ओढला, डोळे खाली केले आणि थाप शोधू लागलो.

वर बघितलं तर सगळा मांडव उभा. सगळ्यांचे हात वर. बोहल्यावर भटजी माइकसमोर तोंड उघडून जोरजोरात काही तरी करत होते, मान हलवत होते, आणि मी समजलो की त्यांनाही आवडलं. माणसं अजून मागताहेत म्हटल्यावर मी आवाज वाढवला. हात आणखी वर गेले.

त्या हातांत अक्षता होत्या. मुहूर्ताची घटका निघून चालली होती. भटजी माझ्याच मिक्सरमधून जाणाऱ्या आणि मीच बंद ठेवलेल्या माइकवर मघापासून मंगलाष्टकांसाठी ओरडत होते. बाबा गर्दीतून टेबलाकडे यायला निघाले होते, पण त्यांच्या आधी पोचली ती मुंडावळ्या बांधलेली, शालू एका हातानं वर धरलेली नवरी. आंतरपाट धरणारे दोघं आ वासून बघत राहिले. तिनं मिक्सरवरचा खटका स्वतःच खाली केला. गाणं बंद झालं. मग तिनं माझ्या कानावरचा एक कप दोन बोटांनी उचलला आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“पहिले तुले गाणं ऐकू येत नव्हतं, आता मानसं ऐकू येऊन नाई राह्यले. हेडफोन बदलला तुनं दादा, मधातलं डोस्कं तेच ठेवलं.”