कयाधूची झडती

निजामाच्या साऱ्या मुलखात आमच्या शेजारच्या काकांइतका संशयी माणूस दुसरा झाला नसेल. वऱ्हाडातून मोगलाईत येणाऱ्या मालावर जिथे जकात घेत, त्या कनेरगावच्या करोडगिरी नाक्यावर त्यांची उभी हयात गेली होती. नोकरी संपली, पण झडती काही संपली नाही. आमच्याकडे जेवायला आले, की पुरणपोळी आधी मधोमध फाडून पाहत आणि मगच तिच्यावर तूप घेत. "तुमच्यावर भरोसा हाय, वयनी," ते आईला म्हणत, "पोळीवर न्हाई." आई हसून दुसरी वाढी, तीही फाडली जाई.

पण त्यांनी खरा डूख धरला होता तो कयाधू नदीवर. ही बाई वऱ्हाडच्या डोंगरातून निघते आणि विनापरवाना थेट आमच्या हिंगोलीत शिरते, याचं त्यांना भारी वैषम्य वाटे. "डोंगरात पाहाल तर एका उडीत ओलांडता येती. शहरात येईस्तोवर एवढी काहून फुगली? मधात कुठं तरी माल घेतला असंल!" रंगाऱ्यांच्या आळीखालून ती निळीकाळी होऊन पुढे गेली, की त्यांची खात्रीच पटे. "पाहा, कशी तोंड काळं करून पळून राहिली!"

रझाकारांच्या साली वऱ्हाडचा रस्ताच बंद झाला. काकांची एकुलती लेक तिकडेच, नदीच्या वरच्या अंगाला, काठावरच्या गावी दिलेली. तिची ना चिठ्ठी, ना निरोप. त्या पावसाळ्यात काका दिवसभर घाटावर बसू लागले. पुरात आलेलं फळकूट, सूप, फाटकी गोधडी, सगळं काठीनं ओढून उलटंसुलटं करून पाहत. लोक म्हणाले, म्हातारा आता नदीकडूनच जकात घेणार. मीही थट्टेनं विचारलं, "काय काका, चोरीचा माल घावला का?" गोधडीचे टाके निरखत ते म्हणाले, "लेकीच्या घरचं काही वाहून तर न्हाई ना आलं, ते पाहून राहिलो."

रस्ता खुला झाल्याबरोबर काका नदीच्या काठाकाठानं चालत निघाले. परतले तेव्हा आईनं त्यांना दारातच गाठलं. "लेक बरी हाय ना, भावजी?"

"बरी हाय म्हंते," ओट्यावर टेकत काका म्हणाले. मग ते आपले सुजलेले पाय चोळू लागले. "म्हंते तर तसंच. पर बापाला खरं थोडंच सांगतेत लेकी?"

माझी थोरली बहीण आखाडा बाळापूरला दिलेली होती, आणि तिच्याकडूनही नेहमी बरी असल्याचाच निरोप येई.