अकराव्या मजल्यावरचं रशियन

"एता स्तोल," मी लिफ्टमध्ये त्या आजींना म्हणालो. म्हणजे, 'हे टेबल आहे.'

लिफ्टमध्ये टेबल नव्हतं. पण पुण्यात कॉलेजात असताना मी वर्षभर संध्याकाळचा रशियनचा वर्ग केला होता आणि त्यातलं एवढं एकच वाक्य माझ्यापाशी उरलं होतं. समोरच्या बाई नातीशी रशियन बोलताहेत हे कळल्यावर ते सुटलंच तोंडातून. आजींनी लिफ्टचे चारही कोपरे नीट पाहिले आणि गंभीरपणे म्हणाल्या, "न्येत." नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी रशियन येणारा माणूस झालो.

सिंगापुरात बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोत त्या अकराव्या मजल्यावर लेकीकडे राहायला आल्या होत्या. सिक्युरिटीच्या तमिळ काकांशी रशियन, पूल साफ करणाऱ्याशी रशियन, फळवाल्याशीही रशियन. आणि गंमत म्हणजे त्यांची सगळी कामं होत. सहा-सात वर्षांची नात मात्र इथल्या शाळेतली. ती इथल्या इंग्रजीच्या धाटणीत "ओके लाह" म्हणाली की आजी कानामागे हात धरायच्या. "पा-रूस्की!" रशियनमध्ये बोल. मग पोरगी वैतागायची, अडखळायची, पण बोलायची. आजीला इंग्रजीचा गंधच नाही म्हटल्यावर करते काय!

आमच्याकडे उलटं. मी लेकीला विचारतो, "जेवलीस का गं?" उत्तर येतं, "ईट ऑलरेडी लाह, बाबा." की मी मुकाट इंग्रजीवर येतो. तुमच्याकडेही असंच चालत असेल, लपवू नका.

एकदा पूलपाशी माझी बायको घसरून पडली. मी "अगं, अगं" करत नुसता उभा. आजी बाकावरून उठल्या आणि सिक्युरिटीच्या काकांना खणखणीत, स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "बर्फ आणा. आणि खुर्ची. ती डुगडुगणारी नको, दुसरी."

बायको पायाचं दुखणं विसरली.

आजींनी आधी पाण्याकडे पाहिलं. नात पोहण्यात दंग होती. मग हळूच इंग्रजीतच म्हणाल्या, "आयुष्यभर शाळेत इंग्रजीच शिकवलं मी. पण हे तिला कळलं तर ती माझ्याशी रशियन कशाला बोलेल? मी परत गेल्यावर फोनवर काय ऐकायचं मी? 'ओके लाह'?"

आम्ही तोंडं शिवून घेतली. मला ते जमणं कठीणच. दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये मी नातीदेखत इंग्रजीत आभार मानायला लागलो, तर आजींनी माझ्या पायावर पाय दिला. मी घाईघाईने टेबलावर आलो.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुक्कामाची मुदत संपली. खाली टॅक्सी आली तरी नात त्यांना सोडेना. रडत, पाय आपटत ती भांडत होती. कुठेही न अडखळता, एका दमात, सगळं रशियनमध्ये! मला त्यातलं अक्षर कळलं नाही. आजींचेही डोळे वाहत होते, पण चेहरा मात्र वर्गाचा शंभर टक्के निकाल लागलेल्या बाईंचा.

टॅक्सी वळून दिसेनाशी झाली. वर घरात शिरतो तोच लेकीचा आवाज आला, "आई, डिनर व्हॉट आह?"

मी सवयीने इंग्रजीत उत्तर द्यायला तोंड उघडलं. बायकोने माझा दंड धरला.

"आजपासून आपल्याला इंग्रजी येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला काही फार जड जायचं नाही."