मामांनी जाळं तोडलं तेव्हा
नव्या नायलॉनच्या दोरीचा वास आला की २०१६ ची दिवाळीची सुट्टी आठवते. मी तलासरीला शिक्षक होतो आणि हौसेने मामांच्या मासेमारी बोटीवर वरोरच्या किनाऱ्यावरून खोल समुद्रात गेलो होतो. दुपारी मामांचं नवंकोरं नायलॉनचं जाळं पाण्यात असताना विमानवाहू जहाज सरळ आमच्या रोखाने येताना दिसलं. डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत, बाजूला व्हा म्हणून खुणावत होतं. जाळं ओढायला अर्धा तास तरी लागला असता. "तेच वळेल ना?" मी विचारलं. आमचा म्हातारा खलाशी तरुणपणी नौदलात तोफेवर होता. तो म्हणाला, "आमचं तोफांचं जहाज असतं तर वळलं असतं. ह्याच्यावर विमानं उतरतायत, त्यांना समोरून वारा लागतो. ती उतरेपर्यंत हे वाऱ्याकडचं तोंड फिरवणार नाही." मामांनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि कोयत्याने दोर तोडला. इंजिन दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा लागलं. जहाज शेजारून गेलं तेव्हा त्याच्या लाटेने आमची बोट उलटता उलटता वाचली. किनारा दिसल्यावर मामा म्हणाले, "मामीला सांग, जाळं खडकात अडकलं. नाहीतर ती आपल्याला पुन्हा समुद्रात जाऊ द्यायची नाही." मी तसंच सांगितलं. परवा मामी सहज म्हणाली, "तेव्हा खोटं बोलताना तू माझ्याकडे बघत नव्हतास. मी मुद्दामच काही विचारलं नाही."