माझ्या हातची मोगऱ्याची काडी

मला चोट्टी म्हणणारी माणसं आमच्या गावात अजून आहेत. म्हणोत. पण हकीकत माझ्या तोंडून ऐका.

चांदा जिल्ह्यातलं आमचं गाव धानाचं. सासऱ्यांनी वेगळं काढलं तेव्हा एक भांडंसुद्धा दिलं नाही. परसात वाफे करून, मिरची-वांग्याची रोपं आठवडी बाजारात विकून मी घर उभं केलं.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच संपली होती, मालगुजारीणबाईंचा रुबाब मात्र संपला नव्हता. गावात बटमोगरा त्यांच्याच अंगणात. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या प्रत्येकीला एक कळी देत. लावायला काडी कुणालाच नाही. मी सगळ्यांदेखत मागितली. फुकट नको, बदल्यात वर्षभर रोपं देते म्हटलं.

"मोगऱ्याचाही सौदा करून राह्यली काय वं?" बाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गड्याच्या हाती काड्या पाठवल्या. एकही पान नाही, दोन्ही टोकं सारखी छाटलेली. मी लावल्या, पाणी घातलं, त्या वाळल्या. उपटून नीट पाहिलं तेव्हा कळलं, अंकुर फुटायचे सगळे डोळे जमिनीकडे तोंड करून होते; काड्या उलट्या लागल्या होत्या. शेंडा कुठला नि बूड कुठलं ते कळू नये अशाच त्या छाटल्या होत्या. मुद्दामच, माझं मत आजही बदललेलं नाही.

तोवर बाईंनी विहिरीवर सांगून टाकलं होतं, "तिच्या हाताले गुणच नाई."

रोपं विकणाऱ्या बाईला याहून वाईट काय बोलायचं? मिरग लागला, बाजार भरला, आणि बाया माझ्या टोपलीपुढून सरळ पुढे गेल्या. एक जण तर थांबून म्हणाली, "रोपं बरी दिसतेत, पन हात तुयाच ना?" संध्याकाळी मिरचीची सुकलेली रोपं मी बैलापुढे टाकली.

बाईंच्या बांबूच्या कुंपणातून मोगऱ्याच्या फांद्या गल्लीत आल्या होत्या. भरदिवसा विळा घेऊन गेले आणि तीन काड्या कापल्या. जुनं लाकूड नको, कोवळा शेंडा नको, मधलं घेतलं. खालचं टोक डोळ्याच्या जरा खाली तिरपं कापलं, वरचं सरळ. आता उलटसुलट व्हायची सोयच ठेवली नाही. खालची पानं काढली, वर दोन ठेवली. फुटक्या माठात रेती नि शेणखत भरून न्हाणीजवळ सावलीत लावल्या. दोन गेल्या. तिसरीला पालवी आली, आणि पोळ्यानंतर एक कळी.

आता पेच असा, की हा मोगरा कुठला ते सांगितलं नाही, तर लोक म्हणणार शहरातून विकत आणला. सांगितलं, तर मी चोट्टी. मी माठ उचलला, बाजारात वांग्याच्या रोपांच्या मधोमध ठेवला आणि ओरडले, "मालगुजारीणबाईचा मोगरा हाये हा! त्याइनं देल्ल्या काड्या वाळल्या, मी कापलेली जगली!"

बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. बाई स्वतः आल्या, मागे तो गडी.

"चोट्टी! माया कुंपणाची काडी काऊन कापली?"

"चोट्टी म्हना, बाई. हजारदा म्हना. पन हाताले गुण नाई म्हनू नका."

"झाड मायं हाये. दे इकडं."

"न्या ना. मुळ्या पाहा, पानं पाहा, अन् या सगळ्याइले सांगा कोनाच्या हातानं जगलं ते. मंग न्या."

भोवती बाया गोळा झाल्या होत्या. बाईंनी माठाकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. गडी वाकला होता, त्याला म्हणाल्या, "राहू दे." आणि पदर सावरून निघून गेल्या.

मागे हात कुणाचा ते विचारणारी ती बाई पुढे सरकली. "वांग्याची कशी देल्ली वो?"

मी तिला भाव सांगितला. मिरगातल्याहून जास्त. तिने घासाघीस केली. मी एक पैसाही सोडला नाही.