मायनस पाचची नजर

माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये किती अंतर आहे, हे चष्मेवाली समोरच्याकडे नुसतं बघून सांगायची. चष्मेवाली म्हणजे चष्मा लावणारी नव्हे. तिचे स्वतःचे डोळे ठणठणीत होते. ती चष्मे बनवायची. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी तिचं टेबल होतं. चाकावर काच घासायला घेतली की पांढरी धूळ उन्हात तरंगायला लागायची आणि खोली ढगात असल्यासारखी वाटायची. अशा ढगात चौदा वर्षं बसल्यावर माणूस जरा अधांतरी राहणारच.

घरच्यांच्या मते मात्र ती अधांतरी होती ती एकाच बाबतीत. कलावंत दिसला की तिचं भान सुटायचं.

पहिला कवी होता. भांडण रंगात आलं की तो हात वर करून थांबवायचा, वही काढायचा आणि म्हणायचा, "आत्ता काय म्हणालीस ते परत म्हण." तिच्या दाढदुखीवर त्याने सात कविता केल्या, दातांच्या डॉक्टरकडे ती एकटीच गेली. दुसरा व्हायोलिनवाला. बोटं जपायची म्हणून तो तिचा हात हातात घ्यायचा नाही. तिची पिशवी तर नाहीच नाही.

"एखादा दहा ते सहावाला बघ की गं," आई म्हणायची. "बोलायला कमी असेल, पण जेवायला वेळेवर येईल."

"वेळेवर येणारा वन्संना चालत नाही, आई," वहिनी म्हणायची. "वाट कधी बघणार मग?"

तिसरा नट निघाला.

तो दुकानात मागच्या दाराने आला, टोपी आणि काळा चष्मा चढवून. रोज संध्याकाळी सातला अर्धं शहर ज्याला टीव्हीवर बघायचं, तो हाच. त्याची नजर प्रसिद्ध होती. नायिका पुढ्यात उभी असली तरी तो तिच्याही पलीकडे, धुक्यात हरवलेलं काहीतरी शोधत असल्यासारखा बघायचा, आणि घरोघरी हातातला घास हातातच राहायचा. एका समीक्षकाला त्या नजरेत युगायुगांची व्यथा सापडली होती. चष्मेवालीने मापाची चौकट त्याच्या नाकावर बसवली, एकेक काच बदलून पाहिली आणि कागदावर नोंद केली: दोन्ही डोळे, मायनस पाच.

"चष्मा कधी कधी लावता?" तिने विचारलं.

"कधीच नाही."

"मग दिसतं कसं?"

"दिसत नाही," तो म्हणाला. "नंबर वाढलाय का, तेवढं बघायला येतो."

म्हणजे व्यथा वगैरे काही नव्हती. समोरच्याचं नाक नक्की कुठे आहे, एवढाच प्रश्न होता. हे तिला पहिल्याच दिवशी लेखी माहीत होतं. तरी निघताना तो तिच्याकडे, खरं तर तिच्या कानामागच्या कॅलेंडरकडे, तसा बघून गेला आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडून एकही काच धड घासली गेली नाही.

मग ती दोघं भेटायला लागली. नेहमीच्या उपाहारगृहात कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे तोंड, कारण लोकांनी ओळखलेलं त्याला नको असायचं. पंधरा मिनिटं कुणी ओळखलं नाही की तो टोपी काढायचा. वीस मिनिटांनी काळा चष्मा. तरीही कुणी आलं नाही, तर वेटरला मालिकेतल्या आवाजात पाणी मागायचा. मग लोक यायचे, फोटो काढायचे, आणि फोन चष्मेवालीच्या हातात द्यायचे. "ताई, जरा बाजूला होऊन काढा हां." शहरातल्या कितीतरी फोनांमध्ये तिने काढलेले फोटो होते. तिचा एकही नव्हता.

घरी जेवायला आला तेव्हा त्याने वाकून, अतिशय मायेने, खुंटीवरच्या रेनकोटाची विचारपूस केली. आई शेजारीच उभी होती.

"जाऊ दे," वहिनी नंतर म्हणाली. "इतकं गोड तर तुझा दादा माझ्याशीसुद्धा कधी बोलला नाही."

आठ महिन्यांनी तो म्हणाला, "शुक्रवारी मी शूटिंगला चाललोय, सहा महिने. तू चल. लग्न करून चल. शुक्रवारपर्यंत सांग."

"कितव्या भागातलं आहे हे?"

"माझं आहे," तो दुखावून म्हणाला.

त्या आठवड्यात ती स्वप्नात असल्यासारखी वावरत होती. चष्म्याची काडी वाकवायला गरम वाळूत ठेवून विसरायची, आणि ती मेणासारखी वितळलेली सापडायची.

"अडलंय कुठे, वन्सं?" वहिनीने विचारलं.

"त्याने मला अजून बघितलेलंच नाही."

"आठ महिने फिरताय की."

"आठ महिने तो माझ्या दिशेने बघतोय."

डोळ्यांत घालायच्या भिंगांनी त्याचे डोळे पाझरायचे. चष्मा त्याला नकोच होता, आणि का नको ते त्याने तिला एकदाच सांगितलं होतं. लहानपणी शाळेच्या नाटकात तो चष्मा लावून उभा राहिला आणि पहिल्या रांगेतले सगळे चेहरे लख्ख दिसले. तोंडून शब्द फुटेना. पुढच्या वर्षी चष्मा विंगेत ठेवून गेला. समोर नुसतं धुकं. धुक्याला काय घाबरायचं? तेव्हापासून तो धुक्यातच राहत होता.

मंगळवारी तिने काचा कापल्या. अंतर चौसष्ट मिलिमीटर; मोजायची गरज नव्हती, तरी तीनदा मोजलं. बुधवारी दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, तिने त्याला बोलावलं आणि चष्मा पुढे ठेवला.

"एकदा हा लावून माझ्याकडे बघ. मग मी सांगते."

"आणि मला भीती वाटली तर?"

"मलाही वाटतेय," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

त्याने चष्मा चढवला. जाड काचांमागे डोळे एकदम लहान झाले. युगायुगांची व्यथा गेली. समोर पोस्टात तिकिटं देणारा, जरा झोप कमी झालेला माणूस उभा होता. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता.

"त्या झाडाला पानं आहेत," तो म्हणाला. "वेगवेगळी."

तो दार उघडून बाहेर गेला. ती मागोमाग. उन्हात रस्ता सुस्तावला होता. तो पाट्या वाचत सुटला: शिलाई, सायकल दुरुस्ती, भाड्याने देणे आहे. तारेवर बसलेले पक्षी मोजले. एकाच्या मानेला निळसर झाक होती, ती तिला हाताला धरून दाखवली. समोरून तीन बायका आल्या आणि निघून गेल्या. एकीनेही वळून पाहिलं नाही, आणि त्याच्याही ते लक्षात आलं नाही. असा तो रस्ताभर तरंगत गेला, आणि टोकाला पोचल्यावर मागे वळला.

तेव्हा त्याने तिला पाहिलं. भुवईतला व्रण, केसांत अडकलेली काचेची पांढरी धूळ, एक दात दुसऱ्यावर चढलेला. तिला वाटलं, पदर नाही, रुमाल नाही, निदान हाताने तरी चेहरा झाकावा. तिने हात खालीच ठेवले.

"रोज अशीच दिसतेस?" त्याने अखेर विचारलं.

"रोज."

त्याने चष्मा नाकावर वर सरकवला. पुन्हा बघितलं. कपाळावर घाम होता, पण त्याने चष्मा काढला नाही.

"शुक्रवारपर्यंतचे दिवस मलाच पुरणार नाहीत गं," तो म्हणाला. "मला जरा वेळ दे."

"घे," चष्मेवाली म्हणाली. "दुकान चारला उघडतं."