उत्तर बरोबर, प्रश्न दुसरा

सौंसरच्या गणिताच्या गुरुजींनी कोणत्याही मुलाला 'चूक' म्हटलेलं मी ऐकलं नाही. सात आठे चोपन्न म्हणणाऱ्या मुलीला ते सांगत, "उत्तर बराबर हाय पोरी, पन ते नऊ सकचं हाय. आता सात आठाचं दे." मुलगी हसत छप्पन्नवर येई.

मुलांनो, ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमची आजी पांढुर्ण्यात राहून एम.एड.चा प्रबंध लिहीत होती: मुलांना गणित आवडतं का? चार इंग्रजी पुस्तकं वाचल्यामुळे कोणाचंही मन पाच चौकोनांत मोजता येतं, अशी माझी खात्री होती. 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. छापलेले फॉर्म मी इस्त्रीच्या साडीसारखे जपत बसने सौंसरला नेले.

साऱ्या वर्गाने 'पूर्ण सहमत'वर खुणा केल्या. परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात दोन सत्कार स्वीकारले. घरी येऊन नीट पाहिलं. 'मला गणित फार आवडतं': पूर्ण सहमत. 'गणिताच्या तासाला पळून जावंसं वाटतं': तेही पूर्ण सहमत! प्रबंध द्यायला महिना उरला होता.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत गेले. "गुरुजी, तुमची मुलं न वाचताच खुणा करतात!"

सोललेलं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "मॅडम, जरा व्हरांड्यात थांबा." आत जाऊन त्यांनी विचारलं, "काय रे, गणित सोडून खेळाले जाता काय?"

"जातो!" कौलं हलली.

गुरुजी बाहेर आले. "उत्तरं बराबर हायेत मॅडम. प्रश्न दुसरा हाय. तुमी इचारलं, गणित आवडते काय. लेकरायले वाटलं, पाहुनी इचारून राहिली, मी आवडली काय. आता पाहुन्याले नाही कोन म्हनते?"

मी वर्षभराची मुदत मागून घेतली आणि फॉर्म न घेता मागच्या बाकावर बसू लागले. पंधरा दिवसांनी शेजारची मुलगी कानाशी लागली, "बाई, भागाकार आला का मले पोटात दुखते." माझ्या प्रबंधातलं ते पहिलं खरं उत्तर.

निवृत्तीनंतर गुरुजी रामाकोन्याला गेले, तिथेच वारले. मला कळलं ते महिन्याने.

फोनवर मी "शाळा कशी चाललीय?" विचारते आणि तुम्ही दोघं एका सुरात "मस्त!" म्हणता, तेव्हा मला गुरुजींचं ते संत्रं आठवतं. म्हणून मी लगेच विचारते, "कोणत्या तासाला पोटात दुखतं?"

आणि मी "तब्येत उत्तम" म्हणाले, तर तुम्हीही जरा प्रश्न बदलून बघत जा.