‘टू’ कुठं लागतो

"कुठं चालली होती ही म्हातारी? रस्त्यात पाणी प्यायला थांबली काय?"

मोठे डॉक्टर असं म्हणाले आणि राउंडमधले सगळे हसले. ट्रेनी पोरी हसल्या. वॉर्डबॉय हसला, त्याला तर काही कळलंही नव्हतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी. खाटेवर नार्नूरकडची आजी. ताप, उलट्या, जुलाब. सगळे हसले म्हणून तीही कोरड्या ओठांनी हसली.

मी म्हणाले होते, "सर, पेशंट स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर."

मला सांगायचं होतं की आजीनं पाणी प्यायचं बंद केलंय. सकाळपासून घोट नाही. लघवी नाही. मी तिला विचारलं होतं, "आजी, पानी काऊन नाई पेत वं?" ती म्हणाली होती, "घशाखाली उतरत नाई, माय." हे सगळं मी मनात जुळवून एका इंग्रजी वाक्यात बसवलं. त्यात एक ‘टू’ घुसला. अर्थच फिरला.

"स्टॉप्ड ड्रिंकिंग," डॉक्टर म्हणाले. "कोणी पास केलं तुला?"

आणि पुढच्या खाटेकडे गेले. म्हणजे त्यांना कळलं होतं. वाक्य दुरुस्त केलं. आजीकडे पाहिलं नाही.

मी सोनलला गाठलं. सोनल माझ्यासारखीच नर्स. वय तेच, हुद्दा तोच. तिला मराठीत सांगितलं. तिनं आजीची जीभ पाहिली, लगेच फोन लावला. "सर, शी हॅज स्टॉप्ड ड्रिंकिंग." डॉक्टर परत आले. सलाईन लागलं. आजी वाचली.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "सोनलनं वेळेवर पकडलं." मग माझ्याकडे न बघता, "उद्यापासून हिच्या खाटांचा रिपोर्ट सोनल देईल."

मी बेल्याची, तेलंगणातल्या मराठी गावची. आईबाप भाजी पिकवतात, आदिलाबादच्या बाजारात आणून विकतात. दहावीपर्यंत मराठी शाळा. इंग्रजीचा तासही मराठीतच व्हायचा. नर्सिंग इंग्रजीत केलं, पाठ करून केलं. वॉर्डात मी तेलुगू बोलते, हिंदी बोलते, म्हाताऱ्यांशी आमच्या बोलीत बोलते. राउंडला यातलं काहीच चालत नव्हतं.

सोनलही मराठीच. तिचे आजोबा नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथं आदिलाबादला आले आणि राहिले. वडील कॉलेजात शिकवायचे. मोठे डॉक्टरही तसल्याच घरातले. ते तिला "सोनल बेटा" म्हणत. मला "ए सिस्टर".

मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही. तिच्या साडीचा नाही, घराचा नाही. तिच्या तोंडाचा हेवा. वाक्य कसं न अडखळता बाहेर पडायचं! जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर आपल्या लहान पोरीशी बोलायची. "डोन्ट फर्गेट टू ड्रिंक मिल्क." "आय वाँट यू टू स्लीप नाऊ." "लेट पप्पा वर्क." मी डब्यात मान घालून ऐकायची. वाँटला ‘टू’ लागला. लेटला नाही लागला. काऊन?

एकदा न राहवून विचारलं. तिच्यासमोर तोंड उघडणं मला किती जड गेलं, ते मलाच माहीत.

"नियमबियम मला नाही माहीत गं," ती हसून म्हणाली. "चुकीचं असलं की ऐकायलाच कसंतरी वाटतं."

मला कसंतरी वाटत नव्हतं. माझ्या कानाला दोन्ही सारखेच. ती खोटं बोलली नव्हती, खवचटपणेही बोलली नव्हती. म्हणून जास्त लागलं. आता मला तिच्या कानाचाही हेवा वाटायला लागला.

मग बेल्याच्या बसमध्ये मी मोबाइलवर शिकायला लागले. पुस्तकी वाक्यं डोक्यात राहत नव्हती, म्हणून वॉर्डातली घेतली. फर्गॉट टू गिव्ह द टॅब्लेट : गोळी द्यायची राहिली. फर्गॉट गिव्हिंग द टॅब्लेट : दिली, पण दिल्याचं आठवत नाही. एकात पेशंट गोळीशिवाय राहील. दुसऱ्यात त्याला पुन्हा गोळी दिली जाईल. एवढ्याशा ‘टू’वर एवढं काही.

आणि एक दिवस बसमध्येच डोक्यात लख्ख झालं. प्यायला थांबली. प्यायची थांबली. फरक तोच की! माझी आई हा फरक रोज बोलते. तिला कोणी नियम शिकवला नाही. चुकीचं असलं की तिलाही कसंतरीच वाटेल. म्हणजे सोनलचा कान काही सोन्याचा नव्हता. मला जी भाषा आईच्या मांडीवर मिळाली ती मराठी, सोनलला सोबत इंग्रजीही मिळाली. एवढंच. आणि एवढ्यावर मी बिनडोक ठरले होते.

हेवा कमी झाला नाही. त्याला राग येऊन चिकटला. शरम मात्र त्या दिवशी गेली.

राउंडला तमाशा चालूच होता. डॉक्टर माझ्या पेशंटबद्दल सोनलला इंग्रजीत विचारायचे. सोनल वळून मला मराठीत विचारायची. मी मराठीत सांगायची. ती इंग्रजी करून डॉक्टरांना द्यायची. डॉक्टर मराठी. आम्ही दोघी मराठी. तरी मधे इंग्रजी उभी.

मग ती सकाळ आली. पोटाचं ऑपरेशन झालेली एक बाई माझ्या खाटेवर होती. तिच्या टाक्यांतून पाणी येत होतं, पट्टी ओली झाली होती. सोनलला माझ्याकडून ऐकून घ्यायला वेळ मिळाला नव्हता. तिनं अंदाजानं सांगितलं, "शी सीम्स टू बी बेटर, सर."

"नाई," मी म्हणाले.

डॉक्टर थांबले. "सोनलला सांग."

"सोनलला नाई सांगत. पेशंट माही हाय. मीच सांगीन."

"देन स्पीक इन इंग्लिश."

मी पुढे आले. सोनलच्याही पुढे. "सर, द वूंड इज वेट. शी इज हॅविंग पेन. यू मस्ट टू सी."

कोणीतरी मागे फिसकन हसलं.

"मस्ट सी," डॉक्टर म्हणाले. "नो ‘टू’."

"बरं सर. मस्ट सी. आता पाहा."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी पट्टी उघडली. जखम पाहिली. औषध बदललं. आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी मेट्रननं बोलावलं. "सरांची माफी माग."

"काऊन?"

"पेशंटसमोर त्यांना हुकूम दिला तू."

मी माफी मागितली नाही. मला वॉर्डातून काढून ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं. सोनल तिथं आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सॉरी म्हणून टाक ना गं. काय जातं?"

तिचं काहीच जात नाही. म्हणून ती असं म्हणू शकते. मला त्याचाही हेवा वाटला. आजही वाटतो. तिच्यासारखं सहज मला कधी बोलता येणार नाही, हे मी ओळखून आहे. इंग्रजी मी शिकेन, ती मला हवीच आहे, पण कोणाची शाबासकी घ्यायला नाही.

वॉर्ड मी परत मागितलाय. नाही दिला तर पुन्हा मागेन. आणि यापुढं माझ्या पेशंटचं दुखणं मी दुसऱ्या कोणाच्या तोंडात देणार नाही. चुकेन. मोठ्यानं चुकेन. दुरुस्त करणाऱ्यानं खुशाल करावं, पण त्याला आधी खाटेकडे पाहावं लागेल. तोवर मी बाजूला सरणार नाही.